मोठ्या आतड्याचा कॅन्सर: केमो संपली, आता उलटण्याची भीती किती बाळगायची?

सायली_सिन्नर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

गेल्या वर्षी नवऱ्याला (वय ५४) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. डाव्या बाजूला खाली, सिग्मॉइड म्हणतात तिथे. संडासवाटे रक्त जायचं, ते मूळव्याध समजून बरेच दिवस मलम लावण्यात गेले. ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. नंतरच्या रिपोर्टवर टी३ एन१ असं लिहिलंय. आजूबाजूच्या १७ ग्रंथी तपासल्या, त्यातल्या २ मध्ये कॅन्सर होता. मग कॅपॉक्स नावाच्या केमोचे चार डोस झाले. आता सीईए (कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तातून करतात ती तपासणी) २.१ आहे, सीटी स्वच्छ.

घरात सध्या तीन पक्ष आहेत. दीर म्हणतात दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून टाकू, पैशाचं मी बघतो. नणंद रोज सकाळी गव्हांकुराचा रस पाठवते आणि साखर बंद करायला सांगते. आणि ज्याला आजार झाला तो म्हणतो, "एकदा काढलं ना? मग आता सारखं रक्त द्यायला मी यायचो नाही. दुकान कोण बघणार?"

डॉक्टरांना विचारलं, उलटेल का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, फॉलोअपला येत राहा. बाहेर ओपीडी भरलेली, पुढे काय विचारणार! भीती किती, कशाची आणि किती दिवस बाळगायची, हे कोणी जाणकाराने सरळ सांगितलं तर बरं होईल.

मनवा

सायली, वाचून काळजी वाटली, पण ऑपरेशन आणि केमो दोन्ही पार पडलं ही मोठी गोष्ट आहे. सर्जन_काका, बघा बरं इकडे.

सर्जन_काका

बघतोय. मी जनरल सर्जन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. कॅन्सरतज्ज्ञ नाही. तेव्हा हे वाचून तुमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारा, त्यांच्याऐवजी मला धरू नका.

आधी रिपोर्ट. टी३ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरातून बाहेरच्या चरबीपर्यंत पोचली होती. एन१ म्हणजे एक ते तीन लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडला. ग्रंथींत गेला म्हणून हा तिसरा टप्पा. 'तिसरा' ऐकून घरच्यांचे पाय लटपटतात, पण तिसऱ्या टप्प्यातही दोन गट आहेत. गाठ टी४ असेल (म्हणजे आतड्याचं बाहेरचं आवरणही भेदून गेली असेल) किंवा चार वा जास्त ग्रंथींत कॅन्सर असेल, तर धोका जास्त. तुमचे यजमान कमी धोक्याच्या गटात आहेत. आणखी एक चांगली गोष्ट: किमान १२ ग्रंथी तपासायला हव्यात असा संकेत आहे, इथे १७ तपासल्यात. म्हणजे ऑपरेशन नीट झालंय, पॅथॉलॉजिस्टनेही मन लावून शोधलंय. पाच-सहाच ग्रंथी पाहून 'दोन सापडल्या' असं असतं तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

आता आकडा. तीन महिने केमो द्यायची की सहा, हे ठरवायला सहा चाचण्या एकत्र करून सुमारे १२,८०० रुग्णांचा अभ्यास झाला. आयडिया नावाचा, २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनंतर १०० पैकी साधारण ८३ जण आजार न उलटता जिवंत होते, केमो तीन महिने घेतलेली असो की सहा. जास्त धोक्याच्या गटात हाच आकडा ६३-६४ होता. तुमच्याकडे चार डोसवर थांबले ते यामुळेच, कोणी हात आखडता घेतला म्हणून नव्हे. सहा महिने दिल्याने हातापायांच्या मुंग्या मात्र कितीतरी जास्त लोकांना झाल्या होत्या.

आणि किती दिवस? जे उलटायचे असतात त्यांतले साधारण पाचांपैकी चार पहिल्या तीन वर्षांतच उलटतात. पाच वर्षांनंतर हे क्वचित होतं. म्हणजे आजचा धोका आणि दोन वर्षांनी सगळं स्वच्छ असताना उरलेला धोका एक नव्हे. दर स्वच्छ तपासणीगणिक तो उतरत जातो.

कुठे उलटतो? बहुतेक वेळा यकृतात, कारण आतड्याचं रक्त आधी तिकडेच जातं. मग फुप्फुसं, पोटातलं आवरण, आणि कधीकधी जिथे आतडं जोडलं तीच जागा.

आकडेमोड

काकांचा प्रतिसाद उत्तम. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एक कडू गोष्ट मी सांगतो. सायलीताईंच्या मिस्टरांचा कंटाळा अगदीच निराधार नाही.

सारख्या तपासण्या केल्याने माणूस जास्त जगतो का, हे तपासून पाहिलंय. ब्रिटनमध्ये फॅक्स नावाची चाचणी झाली, १,२०२ रुग्ण, निकाल २०१४. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे यांनी मिळून कोलोफॉल केली, २,५०९ रुग्ण, निकाल २०१८. कोलोफॉलमध्ये एका गटाला तीन वर्षांत पाच वेळा सीटी आणि सीईए, दुसऱ्याला दोनच वेळा. पाच वर्षांनी मृत्यूचं प्रमाण एका गटात १३ टक्के, दुसऱ्यात १४.१. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन हा भावाच्या मायेचा प्रश्न झाला, त्याला शास्त्राचा आधार नाही.

टग्या_२

म्हणजे तेच! सगळा तपासण्यांचा धंदा आहे. लॅबवाला खूश, डॉक्टर खूश.

आकडेमोड

टग्याराव, मी लिहिलं ते पूर्ण वाचा. कमी तपासण्यांच्या गटालाही १२व्या आणि ३६व्या महिन्याला सीटी आणि सीईए होतंच. 'काहीच करू नका' असा गट तिथे नव्हता. आणि फॅक्समध्ये ज्यांच्या तपासण्या नियमित झाल्या, त्यांच्यापैकी उलटलेला कॅन्सर पुन्हा मुळातून काढता येईल अशा अवस्थेत सापडलेले ६ ते ८ टक्के होते. ज्यांना फक्त त्रास झाला तर या असं सांगितलं होतं, त्यांच्यात २.३ टक्के.

सर्जन_काका

मलाही तेच म्हणायचं होतं. तपासणी करायची ती उलटलेला आजार ऑपरेशनच्या टप्प्यात असताना पकडायला. इतर पुष्कळ कॅन्सर एकदा दुसऱ्या अवयवात गेले की कापून बरे होत नाहीत. मोठ्या आतड्याचा यकृतात किंवा फुप्फुसात मोजक्या ठिकाणी गेला असेल तर होऊ शकतो, म्हणून तर एवढी यातायात.

सर्वसाधारण वेळापत्रक असं: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि सीईए, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. छाती-पोटाचा सीटी सहा ते बारा महिन्यांनी. कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एक वर्षाने, ती स्वच्छ निघाली तर मग तीन वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. पेट-सीटी नेहमीच्या तपासणीत बसत नाही. सीईए वाढतोय पण सीटीत काही दिसत नाही, अशा वेळी तो कामाचा. एरवी कुठे जुनी सूज, कुठे ऑपरेशनची जागा चमकते आणि घरादाराची झोप उडते. दिरांना सांगा, ते पैसे जपून ठेवा.

परभणीकर

माझ्या वडिलांचं लिहितो. टाटाला, परळला ऑपरेशन झालं, जनरलची फाइल. फॉलोअपला रात्रीच्या गाडीने जायचो, उतरायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. दीड वर्ष होत आलं तेव्हा सीईए ३ वरून ७ वर गेला. परत केला, ११. वडील ठणठणीत, शेतात कामाला जायचे, दुखणं-खुपणं काही नाही. सीटीत यकृताच्या उजव्या भागात एक गाठ दिसली. तेवढा तुकडा काढला, पुन्हा केमो दिली. या गोष्टीला सहा वर्षं झाली. परवा नातवाच्या मुंजीत पंगत वाढत होते.

ताई, दुखायला लागलं की जाऊ असं मिस्टर म्हणत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा. आमच्याकडे दुखलं काहीच नव्हतं.

नीलाक्षी

परभणीकर, बरं वाटलं वाचून. दुसरी बाजूही इथे असायला हवी म्हणून लिहिते. माझ्या भावाची गाठ टी४ होती, निदान झालं तेव्हाच आतडं फुटलं होतं. त्याचा सीईए सुरुवातीलाही वाढलेला नव्हता, त्यामुळे नंतरही तो आकडा आम्हाला काही सांगू शकला नाही. पोटातल्या आवरणावर उलटला. सीटीत दिसेपर्यंत पसरला होता. सगळं वेळेवर करूनही तो गेला. 'तपासण्या केल्या असत्या तर' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला फार राग येतो, कारण आम्ही केल्या होत्या.

सायली, ऑपरेशनच्या आधीचा सीईए किती होता ते शोधून ठेव. तेव्हा वाढलेला असेल आणि नंतर उतरला असेल, तर पुढे तो जास्त भरवशाचा.

मनवा

नीलाक्षी, काय बोलू. मिठी.

निसर्गमित्र

ताई, या आकड्यांच्या जंजाळात पडू नका. साखर हे कॅन्सरचं अन्न आहे. साखर बंद, गव्हांकुर, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, हळद-मिरी, आणि अल्कलाइन पाणी. माझ्या पाहण्यात चौथ्या स्टेजचे बरे झालेत. अॅलोपॅथी हे सांगणार नाही कारण यात पैसा नाही.

सर्जन_काका

लक्ष्मणफळाचा काढा जास्त दिवस घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते. यजमानांना केमोने आधीच मुंग्या येत असतील, त्यात ही भर नको. साखर पेशी-पेशीला लागते, चांगल्या आणि वाईट. चहातली साखर बंद करून गाठ उपाशी मरत नाही, केमोनंतर वजन घटलेला माणूस मात्र आणखी सुकतो. पाणी कितीही अल्कलाइन प्या, जठरात गेलं की आम्लातच पडणार. गव्हांकुर घ्यायचा तर घ्या, नणंदेचं मन राहील. फक्त केमो चालू असताना असे कच्चे रस नकोत, तेव्हा पांढऱ्या पेशी कमी असतात.

आणि 'पाहण्यात बरे झालेत' त्यांचे रिपोर्ट इथे टाका. नाव झाकून टाका. मी वाट बघतोय.

निसर्गमित्र

अहंकार हाच सर्वात मोठा रोग.

आकडेमोड

रिपोर्ट?

उत्तरकॅनडा

टोरोंटोहून. निसर्गमित्रांना नैसर्गिक उपायच हवा असेल तर एक आहे, आणि तो चक्क चाचणीत उतरलाय. चॅलेंज नावाची चाचणी इथल्या कॅनडाच्या संशोधकांनी उभी केली, ऑस्ट्रेलियाही बरोबर होता. सायलीताईंच्या मिस्टरांसारखेच रुग्ण: तिसरा टप्पा किंवा जास्त धोक्याचा दुसरा, ऑपरेशन आणि केमो झालेले. ८८९ जण. अर्ध्यांना व्यायामाची पुस्तिका दिली, अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करवला. निकाल जून २०२५ मध्ये आला. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले व्यायामगटात ८०.३ टक्के, पुस्तिकागटात ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२. एखाद्या औषधाने असा निकाल दिला असता तर त्याची किंमत ऐकून आपण खाली बसलो असतो.

व्यायाम म्हणजे काय, तर आधी जेवढी हालचाल होती त्यात आठवड्याला तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतकी भर. रमतगमत शतपावली नव्हे. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे.

आकडेमोड

मूळ निबंध वाचलाय. चांगली चाचणी आहे. रुग्ण मिळवायलाच पंधरा वर्षं लागली यावरून चिकाटी कळते. एक बारीक गोष्ट: दोन्ही गटांना पुस्तिका मिळालीच होती. म्हणजे 'चाला हो' असं नुसतं सांगून भागत नाही, मागे लागणारं माणूस लागतं. व्यायामगटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त निघाल्या, तेव्हा हळूहळू वाढवा.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरकर हजर आहे! ऑपरेशनला नऊ वर्षं झाली. माझ्या चार गाठी लागलेल्या, म्हणजे काकांच्या हिशेबानं मी जास्त धोक्यातला. तरी आहे बसलोय.

सायलीवहिनी, मिस्टर रक्त द्यायला का नको म्हणतात हे मला म्हाईत आहे. दुकान ही सबब. रक्त दिल्यापासून रिपोर्ट मोबाइलवर येईस्तोवर जे काय होतं ते तपासायला यंत्र नाही. मी तर रिपोर्ट आला की फोन उलटा करून ठेवायचो आणि बायकोला म्हणायचो तू बघ. शेवटी आमचं असं ठरलं: रक्त सकाळी द्यायचं आणि रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरांच्या समोरच उघडायचा. मधले दिवसच काढून टाकले. आणि लॅब कायम एकच. एकदा मुलीच्या गावी दुसऱ्या लॅबमध्ये केला तर ५.८ आला, घरात सुतक पडल्यासारखं. आपल्या लॅबमध्ये परत केला तर तीनच्या आत.

मुंग्यांचं सांगतो. केमो थांबल्यावर कमी होतील वाटलं होतं, उलट काही महिने वाढल्या. शर्टाची बटणं बोटांना लागायचीच नाहीत, आरशात बघून लावायचो. चप्पल पायातून कधी निसटली कळायचं नाही. हिवाळ्यात नळाचं पाणी म्हणजे सुया. नंतर बरंच कमी झालं, तळपायात थोडं राहिलंय. तेव्हा चालायला बूट घाला, चपलेवर नको.

मटणाचं विचारू नका. महिन्यातून एकदा खातो आणि डॉक्टरांना सांगतो.

सर्जन_काका

सीईए एकदा वाढला म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. सिगरेट-विडी ओढणाऱ्यांत तो मुळातच वर असतो, यकृताच्या आजारातही वाढतो. काही आठवड्यांनी परत करायचा आणि चढत चाललाय का ते बघायचं. केमोनंतर मुंग्या वाढणं हे कॅपॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाचं नेहमीचं आहे, त्याला आजार उलटला समजू नका.

मटणावर तांबडा_पांढरांशी भांडणार नाही. सॉसेज, सलामी असले टिकवलेले प्रकार टाळा.

सायली_सिन्नर

सगळ्यांचे खूप आभार. नीलाक्षी, तुझं वाचून खूप वेळ तशीच बसले. आधीचा सीईए शोधला, १४ होता.

काल रात्री परभणीकर आणि कोल्हापूरच्या भाऊंचे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. बटणांचं ऐकून हसले, म्हणाले हा माणूस खरा. रक्त द्यायला तयार आहेत. सीटीचं म्हणतात बघू. चालण्याला सकाळी शटर उघडायच्या आधीची वेळ ठरवली आहे, मागे लागणारं माणूस मी आहेच. दिरांना पेट स्कॅनऐवजी हेच काम दिलंय, ते पण सोबत जाणार.

दोन शंका. एक, गावातल्या एकांनी सांगितलं की रोज अॅस्पिरिन घेतली की हा कॅन्सर उलटत नाही. दोन, मुलगा २६ वर्षांचा आहे, त्याचं काय?

सर्जन_काका

अॅस्पिरिनमध्ये अर्धं सत्य आहे. ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए किंवा त्याच वाटेवरच्या जनुकांत बदल सापडतो, त्यांना तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम दिली तर उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. ही स्कँडिनेव्हियातली अलास्का चाचणी, निकाल २०२५. सगळ्यांनाच सरसकट २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलेली अॅस्कोल्ट चाचणी मात्र फायदा दाखवू शकली नाही. म्हणजे आधी गाठीच्या जपून ठेवलेल्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) ती जनुकांची तपासणी होते का ते विचारा. मनाने सुरू करू नका, अॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होतो.

मुलासाठी आधी वडिलांच्या रिपोर्टमध्ये एमएमआर किंवा एमएसआय (आजार आनुवंशिक असू शकतो का याचा अंदाज देणारी गाठीची तपासणी) असं काही लिहिलंय का बघा. त्यात दोष नसेल आणि घराण्यात आणखी कोणाला नसेल, तर मुलाची पहिली कोलोनोस्कोपी ४०व्या वर्षी. दोष निघाला तर आनुवंशिक तपासणी लागेल आणि मग सगळंच लवकर. यजमानांच्या सख्ख्या भावंडांनी मात्र आत्ताच करून घ्यावी. पेट स्कॅनवाल्या दिरांपासून सुरुवात करा.

आणि मीही एक विचारतो. ऑपरेशनच्या आधी कोलोनोस्कोपी झाली तेव्हा दुर्बीण आतड्याच्या शेवटापर्यंत गेली होती का?

सायली_सिन्नर

फाइल काढून बघितली. "गाठीमुळे दुर्बीण पुढे जाऊ शकली नाही" असं लिहिलंय. एमएमआर: दोष नाही.

सर्जन_काका

एमएमआरचं छान झालं. पण मग कोलोनोस्कोपीला वर्ष होण्याची वाट बघू नका. पुढचं आतडं आतून कोणी पाहिलेलंच नाही. तिथे दुसरी गाठ किंवा पॉलिप (आतड्याच्या आतला छोटा कोंब) आधीपासून असू शकतो, आणि त्याला उलटणं म्हणत नाहीत, राहून जाणं म्हणतात. अशा वेळी ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत पूर्ण आतडं बघायचं असतं. तुमचे सहा महिने होत आले असतील. सीटीत स्वच्छ दिसलं तरी छोटे पॉलिप सीटीत कळत नाहीत. उद्याच फोन करून विचारा.

सायली_सिन्नर

फोन केला. त्यांच्याही यादीत होतं म्हणे, पुढच्या भेटीत सांगणार होते. सोमवारची वेळ दिली आहे. दीर पण त्याच आठवड्यात करून घेतायत, कुरकुर करत. आदल्या दिवशी पोट साफ करायला पावडरचं पाणी प्यायचं आहे ते दोघांनाही जमेल का माहीत नाही.

तांबडा_पांढरा

जमतंय. एका दमात प्यायचं नाही, पाव तासाला एक पेला. लिंबू पिळायला परवानगी आहे का विचारून घ्या, चव सुधारते. लोक फ्रीजमध्ये थंड करून प्या सांगतात, पण मिस्टरांना अजून गार सोसत नसेल तर साधंच द्या. आणि घरात संडास एकच असेल तर दोन्ही भावांना एकाच दिवशी बसवू नका.